नव्या दुर्बिणीची तक्रार करण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

हौसेनं दुर्बीण मागवावी, खोक्याचा कोपरा चेपलेला निघावा, पहिल्याच रात्री गुरूच्या जागी पसरट डाग दिसावा, आणि विक्रेत्याकडून “कंपनीला कळवतो” यापलीकडे काही ऐकायला मिळू नये. संताप येणारच. पण तो बहुतेकदा निघतो दुर्बिणीवर. ती खोक्यात परत जाते आणि छंद तिथेच थांबतो. विक्रेता कसा वागला आणि दुर्बीण कशी आहे, हे दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. त्यातला दुर्बिणीचा आधी सोडवा.

130 मिलिमीटर आरसा आणि 650 मिलिमीटर नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जिथे बनते तिथवरचं अंतर) असलेली न्यूटन पद्धतीची परावर्तक दुर्बीण घेऊ. वाहतुकीतल्या धक्क्यांनी तिचे आरसे हलतात. ते पुन्हा जुळवणं, म्हणजे कॉलिमेशन, हे वापरणाऱ्यानं अधूनमधून करायचंच काम आहे. माहितीपुस्तिकेत ते धड सांगितलेलं नसतं, हा मात्र खरा दोष.

फोकसरवर, म्हणजे आयपीस (डोळा लावायचं भिंग) बसतो त्या पुढेमागे सरकणाऱ्या नळीवर, बसणाऱ्या टोपणाला बरोबर मध्ये दोन मिलिमीटरचं भोक पाडा. दिवसा, सूर्य पूर्ण टाळून, दुर्बीण उजेडाकडे वळवा. नळी आडवी ठेवा, नाहीतर हातातून निसटलेली अॅलन की (स्क्रू फिरवायची षट्कोनी किल्ली) थेट मुख्य आरशावर पडते. भोकातून पाहत दुय्यम आरशाचे, म्हणजे नळीच्या तोंडाजवळच्या लहान तिरक्या आरशाचे, तीन छोटे स्क्रू फिरवा. एक घट्ट करण्याआधी दुसरा किंचित सैल करायचा. मुख्य आरसा त्याला धरून ठेवणाऱ्या तिन्ही क्लिपांसकट दिसला की पुढे जा. आता नळीच्या मागचे लॉकिंग स्क्रू सैल करून जुळवणीचे तीन स्क्रू पाव-पाव वेढ्यानं फिरवा. मुख्य आरशाच्या मध्यावरची खूण टोपणातल्या भोकाच्या प्रतिबिंबाभोवती आली पाहिजे.

रात्री निरीक्षणाआधी दुर्बीण किमान अर्धा तास बाहेर ठेवा. गरम आरशावरून उठणाऱ्या हवेमुळे चांगली दुर्बीणही वाईट वाटते. मग ध्रुवताऱ्याकडे वळा, तो जवळपास जागचा हलत नाही. 10 मिलिमीटरच्या आयपीसनं 65 पट, सोबत प्रतिमा दुप्पट करणारं बार्लो भिंग लावलं तर 130 पट मोठं दिसेल. तारा दृश्याच्या मध्यावर ठेवून फोकस किंचित बिघडवा. एकात एक गोल वलयं दिसली की जुळवणी झाली.

बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. उरतात त्या खऱ्या. तारा तिकोनी दिसत असेल तर क्लिपा आरशाला आवळताहेत. फोकसच्या एका बाजूला आडवा आणि दुसऱ्या बाजूला उभा ताणलेला दिसत असेल तर आयपीस फिरवून पाहा. ताण सोबत फिरला तर दोष आयपीसचा. डोकं तिरकं केल्यावर फिरला तर आपल्या डोळ्याचा. दोन्हींनी जागचा हलला नाही तर आरशातच खोट आहे, आणि ती स्क्रूनं जाणार नाही.

पण खोट असली म्हणून दुर्बीण निकामी ठरत नाही. हबल या अवकाश दुर्बिणीचा मुख्य आरसा कडेला सुमारे 2.2 मायक्रोमीटर जास्त घासला गेला होता. 1990 मध्ये ती अवकाशात गेल्यावर ते लक्षात आलं आणि डिसेंबर 1993 मध्ये दुरुस्ती झाली. मधली तीन वर्षंही तिच्यावर निरीक्षणं चालूच होती.

आता विक्रेता. आरसा काढू नका, क्लिपांनाही हात लावू नका. “तुम्हीच खोललंत” म्हणायला त्याला जागा मिळते. खोकं, फोम, बिल जपून ठेवा. आयपीसला मोबाइल लावून फोकसच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. परत करण्याची मुदत संपण्याआधी एकच लेखी तक्रार पाठवा: ऑर्डर क्रमांक, मिळाल्याची तारीख, वर केलेल्या चाचण्या, आणि दुरुस्ती, बदली की पैसे परत यांपैकी नेमकं काय हवं ते. उत्तराला सात दिवसांची मुदत द्या. फोनवर काही ठरलं तर त्याच दिवशी ईमेलनं कळवून ठेवा. रोज फोन करून हाती काही लागत नाही, संध्याकाळ मात्र जाते.

त्या सात दिवसांत, दुर्बीण परत पाठवेपर्यंत, 25 मिलिमीटरचा आयपीस लावा. 26 पटींवर आरशाचा लहानसहान दोष फारसा जाणवत नाही. कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, गुरूचे चार उपग्रह, चंद्रावरच्या विवरांच्या कडा, जे त्या दिवसांत आकाशात असेल ते पाहून घ्या.