पुन्हा दोन मिनिटं

(काळा पडदा. कागदावर कोळसा घासल्याचा आवाज.)

पहिली पोझ दोन मिनिटांची. डोकं काढून होतं, खांदे येतात, आणि वेळ संपते. कागदावर एक मान, दीड हात, खाली सगळी मोकळी जागा.

बारा वर्षांनी मी लाइफ ड्रॉइंगला, म्हणजे समोर पोझ घेतलेल्या माणसाला बघून चित्र काढायला, बसलेय. बसलेय म्हणजे उभीच आहे, ईझलपुढे. बसलं की रेघ मनगटातून निघते आणि आखूड पडते. ती खांद्यातून ओढायची असते. एवढं लक्षात होतं.

हात विसरत नाही म्हणतात. खरंय, आणि तीच पंचाईत आहे. डोळा म्हटलं की माझा हात बदाम काढून मोकळा होतो, बोटं म्हटली की पाच शेंगा. समोरच्या बाईंचे डोळे मी अजून नीट पाहिलेलेही नाहीत.

(दृश्य: मॉडेलच्या पावलांवरून कॅमेरा सावकाश वर जातो.)

भार डाव्या पायावर आहे. म्हणून कमरेचं डावं हाड वर चढलंय, आणि तोल सावरायला डावा खांदा खाली आलाय. ग्रीकांचे जुने पुतळे दोन्ही पायांवर सारखा भार देऊन ताठ उभे असायचे. हा एका पायावरचा कलता तोल त्यांच्या शिल्पांत आला तो इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात.

तो तपासायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. गळ्याच्या खळगीतून दोरा सोडला, तर तो भार असलेल्या पायाच्या घोट्यापाशी उतरायला हवा. माझ्या चित्रात तो चार बोटं बाहेर पडतोय. म्हणजे कागदावरच्या बाई कोसळतायत.

मधल्या वर्षांत मी फोटोंवरून काढत होते. फोटोत गोलाई आधीच सपाट झालेली असते. कुठली कड पुढे, कुठली मागे, हे कॅमेऱ्यानं ठरवून टाकलेलं असतं. आपण फक्त उतरवून घ्यायचं. इथे ते मलाच ठरवायचंय, आणि तेही हलत्या माणसावरून. हो, हलत्याच. वीस मिनिटांच्या पोझमध्ये अर्ध्यात पोटरी थरथरू लागते, कंबर जरा खचते. घाम तिकडे निघतो आणि दमले म्हणते मी.

(दृश्य: झोफनीचं चित्र.)

योहान झोफनीनं 1771-72 मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेचे सदस्य रंगवले, नग्न पुरुष मॉडेलभोवती जमलेले. अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोघी संस्थापक सदस्य. पण त्या चित्रात आहेत भिंतीवरच्या तसबिरी होऊन, कारण नग्न मॉडेलसमोर बायकांना मज्जाव होता. मला कुणी अडवलं नव्हतं. तरी बारा वर्षं गेली, आणि कशात गेली ते सांगायला बसले तर एकही कारण धड उभं राहत नाही.

(घड्याळाची टिकटिक.)

शेवटची पोझ. पुन्हा दोन मिनिटं. या वेळी सुरुवात भाराच्या पायापासून. टाच, घोटा, तिथून सरळ वर खळगीपर्यंत एकच रेघ. मग कंबर तिरपी, खांदे उलटे तिरपे. चेहऱ्याच्या जागी नुसता अंडाकार, तोही कागदाच्या कडेला कापला गेलेला.

बाई पोझ मोडून पोटरी चोळतायत. मी क्लिप काढून नवा कागद लावते.