हायड्रा कापायचा कसा, आणि तुकड्याला डोकं कुठून येतं

[कॅमेऱ्यासमोर पेट्री डिश, खाली काळा कागद]

या बशीत दोऱ्याच्या तुकड्यासारखं जे दिसतंय ना, तो हायड्रा. ताणला तर जेमतेम सेंटीमीटरभर. शाळेच्या पुस्तकात मुकुलायनासाठी, म्हणजे अंगावर मुकुल (कळी) फुटून नवा जीव होण्यासाठी, याची आकृती तुम्ही काढली असेल. आज याला आडवा कापू. तीन-चार दिवसांत दोन हायड्रा तयार होतील. झाले नाहीत, तर चूक बहुतेक वेळा पाण्यात असते. म्हणून सुरुवात पाण्यापासून.

हायड्रा मिळतो स्वच्छ, संथ तळ्यात, पाण्यातल्या हिरवळीला चिकटलेला. ती हिरवळ थोड्या पाण्यासकट काचेच्या बरणीत आणा आणि बरणी दिवसभर हलवू नका. उजेडाच्या बाजूच्या काचेला पांढुरके दोरे चिकटलेले दिसतील. ड्रॉपरने हलकेच उचला. हे काम डिसेंबर-जानेवारीत करा, कारण याला १८ ते २२ अंश तापमान मानवतं. मे महिन्यात प्रयोग करून "सगळे मेले" म्हणण्यात अर्थ नाही.

पाणी त्याच तळ्याचं, फडक्यातून गाळून घ्या. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन याला मारतं. आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी जास्त शुद्ध म्हणून चांगलं वाटतं, पण त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं, आणि कॅल्शियमशिवाय पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत. प्रयोगशाळेत लिटरमागे साधारण ०.१५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घालतात ते यासाठीच. आणि हो, तांब्याचं भांडं अजिबात नको. आपल्याला ते पाणी गुणकारी वाटो, हायड्राला तांब्याचा अंशही विषारी.

खायला आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची, पिल्लं. अंडी मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात. लिटरभर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ, हवेचा पंप, आणि साधारण दिवसभर थांबायचं. पिल्लं गाळून, गोड्या पाण्यात धुऊन मगच द्या. मीठ तसंच गेलं तर हायड्रा आखडतो. खाल्ल्यावर काही तासांनी पाणी बदला. उरलेलं अन्न कुजलं की शुंडकं, म्हणजे तोंडाभोवतीचे दोऱ्यासारखे हात, आखूड आणि गाठाळ होतात. असा प्राणी कापायला घेऊ नका.

[जवळून दृश्य: ब्लेड]

आता कापणं. २४ तास उपाशी ठेवलेला, अंगावर मुकुल नसलेला प्राणी निवडा. पोट भरलेलं असेल तर जखमेतून सगळं बाहेर येतं. ब्लेड नवं हवं. हात लागला की हा आक्रसून गोळा होतो, तेव्हा थांबा. दोन-तीन मिनिटांत पुन्हा लांब होतो. मग मध्यावर ब्लेड एकदाच सरळ खाली दाबा. करवतीसारखं पुढे-मागे नको, कडा फाटतात. दोन्ही तुकडे वेगळ्या बश्यांत, ताज्या पाण्यात.

काही तासांत जखम बंद होते. खालच्या तुकड्यावर दीड दिवसाच्या आसपास शुंडकांचे बारीक उंचवटे दिसू लागतात. दोन-तीन दिवसांत डोकं तयार. वरच्या तुकड्याला खाली चिकटायची चकती येते. नुसतं शुंडक कापून ठेवलंत तर मात्र काहीच होत नाही, ते मरतं. तिथल्या पेशींचं काम ठरून गेलेलं असतं, त्या मागे फिरत नाहीत.

आता गंमत बघा. आपण म्हणतो "नवं डोकं फुटलं", जणू फांदीला पालवी. पण पेशींचं विभाजन थांबवलं तरी हायड्राला डोकं येतं! म्हणजे आधी आहे तोच माल पुन्हा मांडला जातो. म्हणून तयार झालेला प्राणी सुरुवातीला लहान असतो, खाऊन मोठा होतो.

मग डोकं कुठे करायचं हे कोण ठरवतं? डोकंच ठरवतं. ते सतत बाकी अंगाला "इथे दुसरं डोकं नको" असा रासायनिक निरोप पाठवत असतं. डोकं छाटलं की निरोप थांबतो, आणि डोक्याच्या बाजूची कापलेली कड पुढाकार घेते. तिथे काही तासांतच डब्ल्यूएनटी-३ नावाच्या प्रथिनाचं उत्पादन वाढतं. कापाची जागा पायाकडे जितकी सरकेल, तितकं डोकं यायला उशीर. चार हायड्रा चार उंचींवर कापून ठेवा, फरक डोळ्यांनी दिसेल.

याचा पुरावा १९०९ साली अमेरिकन जीवशास्त्रज्ञ एथेल ब्राउन यांनी दिला. तोंडाजवळचा इवलासा तुकडा दुसऱ्या हायड्राच्या अंगात बसवला, तर तिथून दुसरा देह उगवला. दोन प्राण्यांचे रंग वेगळे घेतल्यामुळे कळलं की त्यातल्या बहुतेक पेशी यजमानाच्याच. तुकडा फक्त हुकूम देतो, बांधकाम बाकीचे करतात. न्यूट या सरड्यासारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याच्या भ्रूणांवर श्पेमान आणि मांगोल्ड यांचा याच धर्तीचा प्रयोग आला १९२४ मध्ये, आणि नोबेलही त्यालाच मिळालं.

कापाकापीची सुरुवात त्याहून जुनी. १७४० मध्ये हेगजवळ आब्राहाम ट्रेंबले यांना हे झाड की प्राणी ते ठरवायचं होतं. झाडाची फांदी जगते, प्राण्याचा तुकडा मरतो, असा त्यांचा हिशोब. पण हलणाऱ्या, खाणाऱ्या या जिवाचे दोन्ही तुकडे जगले आणि हिशोब फसला. पुढे डोकं उभं चिरत चिरत त्यांनी सात डोक्यांचा हायड्राही केला. आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बरीच वर्षं याच प्राण्याच्या पुनर्जननावर काम झालंय.

[पुन्हा बशी]

डोकं पूर्ण झालं की नाही, हे शुंडकं मोजून ठरवू नका. चौथ्या दिवशी आर्टेमियाची दोन पिल्लं सोडा. शुंडकाचा डंख बसला की पिल्लाच्या जखमेतून ग्लुटाथायोन नावाचं रसायन झिरपतं आणि त्यानेच तोंड उघडतं. पिल्लू धरलं, पण गिळलं नाही, तर तोंड अजून तयार नाही. पाणी बदला, एक दिवस थांबा, पुन्हा खायला द्या.