बाळंतिणीच्या खोलीतली न्हाणी

नमस्कार श्रोतेहो.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्राची गाज अंथरुणात ऐकू येईल इतक्या अंतरावर. जांभ्याच्या दीड हात जाड भिंती, वर कौलं. न्हाणी मागीलदारी, घरापासून वीसेक पावलांवर. पन्नासहून जास्त पावसाळे आई ती वीस पावलं भिजत गेली आणि आली. 2020 साली 3 जूनला निसर्ग वादळ आलं, न्हाणीवर माड आडवा झाला. आईचं वय तेव्हा 78, गुडघे कुरकुरणारे. म्हटलं, आता न्हाणीच घरात आणू.

जागा एकच होती, माजघरालगतची बाळंतिणीची खोली. कोपऱ्यात मोरी होतीच, पाणी बाहेर जायला वाटही होती. आई म्हणाली, "तुझा जन्म इथला. इथे संडास करतोस?" मी म्हटलं, "तुझ्या गुडघ्यांसाठी करतोय." ती गप्प बसली. हो म्हणाली असं मात्र मी म्हणणार नाही.

आता माझी चूक सांगतो, कारण ती जुन्या घरांतून सर्रास होते. मी भिंतीवरचा जुना चुन्याचा गिलावा पाडला, चिऱ्यावर सिमेंटचा जाड गिलावा मारला आणि छतापर्यंत गुळगुळीत टाइल्स लावल्या. खोली शहरातल्या हॉटेलसारखी दिसली. पुढच्याच पावसाळ्यात श्रावणातल्या एका रात्री मोठा आवाज झाला. दिवा लावून बघतो तर अकरा टाइल्स फरशीवर, आणि मागचा गिलावा पापडासारखा सुटलेला. गवंडी आला, भिंतीला तळहात लावला नि म्हणाला, "भाऊ, हिला घाम सुटलाय. तुम्ही तिला रेनकोट घातलात."

जांभा हा भोकाभोकांचा दगड. बाहेरच्या पावसाचं आणि जोत्यातून चढणारं पाणी तो पितो, आणि ऊन पडलं की सोडून देतो. चुन्याचा गिलावा ती वाफ बाहेर जाऊ देतो. सिमेंट आणि टाइल ती अडवतात. मग पाणी आतच कोंडतं, त्यातले क्षार गिलाव्यामागे साठून फुगतात, लोणा धरतो आणि सगळं सोलून निघतं. वर कितीही भारी वॉटरप्रूफिंगचा डबा ओता, पाणी भिंतीच्या मागूनच येत असेल तर त्याचा काय उपयोग?

दुसऱ्या खेपेला जुन्या भिंतीला हातच लावला नाही. तिच्यापासून दोन बोटं अंतर सोडून साडेचार इंची विटांची नवी भिंत उभी केली, तीही फक्त अंघोळीच्या कोपऱ्यात, सात फुटांपर्यंत. टाइल्स तिच्यावर. मधल्या फटीला खाली आणि वर जाळी ठेवली, वारा खेळता राहतो. बाकी भिंतींना पुन्हा चुना. खोली तिथे सहा-सात इंचांनी लहान झाली, होऊ दे.

जमिनीबाबत गवंड्याशी वाद घालावा लागला तर घाला. उतार फुटाला पाव इंच हवा, आणि तो पाणी जायच्या जाळीकडेच हवा. आमच्या गवंड्याने नातवाची गोटी मागून घेतली आणि चारही कोपऱ्यांतून सोडून पाहिली. तिसऱ्या कोपऱ्यातली मधेच थांबली, तेवढा कोबा उकरून पुन्हा केला. टाइल बसवण्याआधी जाळीचं तोंड बंद करून पाणी भरायचं, कडेला पेन्सिलीची रेघ मारायची आणि पाणी रेघेखाली उतरतं का, दोन दिवस वाट बघायची. कामगार घाई करतात. करू देऊ नका.

जाळीखाली जो ट्रॅप बसतो त्याला प्लंबर लोक सगळीकडे 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपल्या न्हाणीनेच त्याला नाव दिलं, याची मला उगाच मौज वाटते. त्यात दोन इंच पाणी कायम उभं असतं, तेच दुर्गंधी आणि झुरळं अडवतं. मुंबईकरांची घरं शिमग्यानंतर बंद होतात ती गणपतीलाच उघडतात, तोवर हे पाणी आटून जातं. शेजारी किल्ली ठेवाल तेव्हा सांगून ठेवा, महिन्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता म्हणून.

खाऱ्या वाऱ्याचं सांगायला नकोच. लोखंडावर मुलामा दिलेले नळ आणि कड्या वर्षभरात फोड आल्यासारख्या दिसतात. पितळी घ्या, किंवा खाऱ्या हवेत टिकणारं 316 प्रतीचं स्टील मागा. आईच्या हाताचा दांडा जांभ्यात नुसत्या खिळ्यांवर लावू नका, दगड मऊ असतो, भोक मोठं होत जातं. आम्ही भिंतीतून आरपार बोल्ट नेले आणि पलीकडून पट्टी लावली. गीझरचंही तसंच, 25 लिटरच्या टाकीत पाणीच 25 किलो असतं. आणि ओल्या खोलीत वीज आणताना विजेची गळती झाली की आपोआप बंद पडणारं स्विच लावल्याशिवाय बटण दाबू नका.

प्लंबर निघायच्या बेतात असताना आईने एकच प्रश्न विचारला. "अळवाला पाणी कुठून जाणार?" जुन्या न्हाणीचं पाणी पन्नास वर्षं अळवाला आणि दोन केळींना जात होतं. हा प्रश्न आमच्या दोघांच्या डोक्यातच आला नव्हता. संडासाची लाइन सेप्टिक टाकीला, विहिरीपासून लांब. जांभा झिरपतो, तिथे अंतरात कंजुषी नको. अंघोळीच्या पाण्याची वेगळी लाइन मात्र आईच्या खिडकीखाली काढली.

अळू तिथे सरकलं. गेल्या गणपतीतलं फदफदं त्याचंच होतं.