पाण्यातून सुटणारं विमान

नमस्कार. टेबलावरचं हे विमान तुम्हाला कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही, कारण ते कधी बनलंच नाही. पंखांचा पसारा 7 इंच, लांबी साडेचार इंच, लाकूड शिवण नावाच्या झाडाचं. प्रमाण 1:72. खरं असतं तर पंख 42 फुटांचे भरले असते. हे प्रमाण सुताराच्या हाताला फार सोयीचं आहे. एका इंचाला सहा फूट, आणि आपला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्याला नऊ इंच. सहा फुटी वैमानिक उभा केला की बरोबर आठ सूत. त्यामुळे मी कागदावर रेघ मारतानाच सुतात विचार करतो.

मी भोसरीतल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होतो. आता हे काम फारसं कुणाला माहीत नसतं, म्हणून सांगतो. ओतकामाचा भाग आधी लाकडात करायचा, वाळूत दाबून उचलून घ्यायचा, आणि मागं राहिलेल्या पोकळीत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं. बीड थंड होताना फुटामागं साधारण एक सूत आक्रसतं, तेवढा पॅटर्न मोठा ठेवायचा. म्हणजे जी वस्तू अजून जगात आलेली नाही, ती रोज आमच्या हातात असायची. मला शिकवणारे मिस्त्री ड्रॉइंग समोर आलं की पहिल्यांदा एकच विचारायचे, "हा वाळूतून सुटणार कसा?" बाजूंना किंचित उतार नसेल तर उचलताना साच्याची कड ढासळते. तो प्रश्न माझ्या हाडात मुरला.

आता या विमानाकडं येतो. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटांनी पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणलं, हे आपण शाळेत शिकलो. पण मुंबईत ते जिथं उतरलं ते जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जायचं आणि मग विमानं, वैमानिक, मेकॅनिक असा सगळा संसार पुण्याला येरवड्याला हलायचा, हे मला खूप उशिरा कळलं. ते वाचल्यापासून एक विचार पाठ सोडीना. पाण्याला भिऊन घाट चढण्याऐवजी पाण्यावरच उतरणारं टपालाचं विमान असतं तर? पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद असायच्या. दाभोळ, जयगड इथं खाडीच्या आत पाणी त्या मानानं शांत असतं. तिथं उतरणारं, दोन माणसं आणि टपालाच्या थैल्या नेणारं, त्या काळी मिळत असलेल्या 130 अश्वशक्तीच्या जिप्सी मेजर इंजिनावर चालणारं लहानसं विमान. एवढं ठरलं आणि मगच मी करवत हातात घेतली.

कल्पित विमान म्हणजे मनाला येईल तो आकार, असं पुष्कळांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. खऱ्या विमानाची प्रतिकृती करताना सगळे निर्णय दुसऱ्या कुणीतरी घेतलेले असतात. इथं थैली कुठल्या दारानं आत जाते इथपासून सगळं आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि चूक दाखवायला मूळ विमान नसतं. माझा पहिला सांगाडा फार देखणा झाला होता. इंजिन नाकात, रेघ एकदम सुरेख. पण पंखा बसवून पाण्याची पातळी पेन्सिलीनं आखली तेव्हा दिसलं, की पात्याचं टोक पाण्याला टेकतंय. पंधरा दिवसांचं काम बाजूला ठेवलं. मग इंजिन पंखाच्या वर, चार काठ्यांवर उचललं. त्या काठ्या बांबूच्या आहेत, बुरुड आळीतून आणलेल्या तुकड्याच्या. सालीकडचा भाग घ्यायचा, कारण इतक्या बारीक चिरफाळीतही तो मोडत नाही.

विमानाच्या पोटाला मध्ये एक पायरी आहे बघा. ती शोभेची नाही. गुळगुळीत, गोलसर पोट पाण्याला चिकटून राहतं. वेग वाढला तरी पाणी त्याला धरून ठेवतं. पायरीपाशी पाण्याची धार तुटते, मागच्या भागात हवा शिरते आणि विमान सुटतं. पायरी वजनाच्या मध्यबिंदूच्या किंचित मागं हवी. ही पायरी पटाशीनं कापत होतो तेव्हा मला मिस्त्रींचा आवाज ऐकू आला. वाळूतून सुटणं आणि पाण्यातून सुटणं, प्रश्न तोच.

कोरायची रीत जुनीच आहे. दोन फळ्यांमध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून त्या सरसानं जोडायच्या. कागदाची ती रेघ म्हणजे तुमची मधली रेषा. कितीही कोरलं तरी पुसली जात नाही. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे साचे कापून आधी बाजूचा आकार करवतीनं काढायचा. निघालेले तुकडे टाकायचे नाहीत. ते चिकटपट्टीनं परत जागेवर लावले की वरचा आकार कापताना ठोकळा टेबलावर सपाट बसतो. मग चाकू, कानस, पॉलिश पेपर. जागोजागी अर्धगोल साचा लावून खिडकीकडं धरायचं. उजेड दिसला तर साचा अजून कुठंतरी अडतोय, तिथंच घासायचं. शेवटी डोळे मिटून अंगठा फिरवायचा. डोळ्यांना न दिसलेला उंचवटा अंगठ्याला कळतो.

पंखाच्या लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, टोकापासून टोकापर्यंत गेली पाहिजे. आपल्याकडच्या पावसात लाकूड फुगतं ते आडवं, लांबीत जवळजवळ नाही. जाडी पुढच्या कडेपासून साधारण तिसऱ्या हिश्शावर सर्वांत जास्त ठेवायची. इंजिनाचे सिलिंडर म्हणजे बांबूच्या काडीवर शेजारी शेजारी गुंडाळलेला शिवणाचा दोरा. लाकडाची भोकं बुजवायला स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख आणि त्यात शंखजिऱ्याची पूड. चार हात, प्रत्येक हातानंतर घासणं.

हा नुसता छंदाचा खेळ आहे असं कुणी म्हटलं की मी पुण्याच्या कमला नेहरू उद्यानात ठेवलेल्या मारुत या भारतीय लढाऊ विमानाची आठवण देतो. जर्मन विमानरचनाकार कुर्ट टँक यांच्या हाताखाली बंगळुरूला त्याची आखणी झाली. 1961 साली ते जेटवर उडालं, पण त्याआधी, 1959 मध्ये, त्याच आकाराचं पूर्ण मापाचं लाकडी ग्लायडर करून हवेत उडवून पाहिलं होतं. धातूच्या मारुतच्या आधी लाकडाचं होतं.

याच्या शेपटीवर फक्त व्हीटी ही विमान नोंदणीतली भारताची अक्षरं आहेत. पुढची तीन मी लिहिली नाहीत. ती कुठल्या तरी खऱ्या विमानाची असू शकतात, आणि त्याचं नाव मला घ्यायचं नाही.

आता हे पहिल्या रांगेतून मागं जाऊ द्या. पंखाला धरू नका, पोटाखालून तळहातावर घ्या. पायरीवरून अंगठा पुढून मागं फिरवा.