तार तुटली की हात आडवा

(इंदूरमधल्या एका वाचनालयाच्या शरद व्याख्यानमालेतलं भाषण, ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडं संपादित केलेलं.)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय 'घाटातले दगड आणि रेल्वेचे सिग्नल'. महू-खंडव्याच्या नव्या ब्रॉडगेजवर दरडींसाठी काय व्यवस्था असावी हे सांगेन, असं मी संयोजकांना कबूल केलंय. सांगणार आहेच. पण त्याआधी एक गोष्ट तुमच्या मनात पक्की बसवायची आहे, कारण ती बसली नाही तर पुढचं सगळं व्यर्थ. धोका हीच मूळ अवस्था धरायची. 'या' म्हणायला कष्ट पडले पाहिजेत, आणि 'थांबा' म्हणायला कोणाला काही करावं लागता कामा नये.

इथल्या निम्म्या मंडळींनी तरी मीटरगेजने पाताळपाणीचा घाट उतरलेला असणार. कालाकुंडला पळसाच्या पानातला कलाकंद कोणी कोणी खाल्लाय? हात वर करा. वा, सगळेच आपले! तुकोजीराव महाराजांनी, म्हणजे दुसऱ्या तुकोजीरावांनी, इंग्रजांना एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं म्हणून ती लाईन झाली आणि तिला होळकर स्टेट रेल्वे नाव पडलं. त्यावर एक वेगळं व्याख्यान होईल, पण आज नको, नाहीतर कलाकंदावरच वेळ संपेल.

अशा लाईनींवर स्टेशनच्या अलीकडे लोखंडी खांब असायचा आणि त्यावर तांबडा हात. तो नीट आठवा. आडवा म्हणजे थांबा, खाली झुकला म्हणजे या. केबिनमधला माणूस लिव्हर ओढायचा, तार रुळांच्या कडेने छोट्या चाकांवरून सरकायची आणि हात झुकायचा. बहुतेकांना वाटतं, परत आडवा करायलाही असंच काही ओढावं लागत असेल. मुळीच नाही. त्या तारेच्या जोडीला एक लोखंडी वजन असतं. तार सैल सोडा, तुटू द्या, भंगारवाल्याने कापून नेऊ द्या, वजन खाली येतं आणि हात आपसूक आडवा होतो. मी सिग्नल खात्यात मेन्टेनर म्हणून लागलो तेव्हा आमच्या उस्तादांनी पहिल्यांदा तो वजनाचा दांडा दाखवला आणि म्हणाले, "तार तो नौकर है, मालिक ये है." मे महिन्याच्या दुपारी तार उन्हाने लांबायची, लिव्हर पुरता ओढूनही हात अर्धवटच झुकायचा. ड्रायव्हर तसला हात मानत नसे. शिट्टी देत उभा राहायचा, आणि डब्यातली माणसं आमचा उद्धार करायची. करू देत. बिघाड झाला तो थांबण्याच्या बाजूने झाला, हे महत्त्वाचं.

हे शहाणपण कोणाला फुकट मिळालेलं नाही. 21 जानेवारी 1876, इंग्लंडमधलं ॲबट्स रिप्टन. तिथे तेव्हा उलटी रीत होती. हात खांबाच्या खाचेत शिरलेला म्हणजे रस्ता मोकळा, आणि एरवी तो तसाच असायचा. धोका असेल तरच बाहेर काढायचा. त्या संध्याकाळी बर्फ पडत होतं. एक मालगाडी बाजूला घेण्याचं काम चाललं होतं, म्हणून केबिनवाल्याने लिव्हर धोक्यावर टाकले. त्याच्या हिशेबी सिग्नल आडवे झालेले होते. प्रत्यक्षात तारांवर आणि खाचेत बर्फ गोठलेलं, हात जागचा हललाच नाही. स्कॉटलंडहून येणारी एक्सप्रेस मालगाडीवर आदळली, आणि त्या ढिगाऱ्यावर समोरून येणारी दुसरी एक्सप्रेस. त्यानंतर रीत फिरली. एरवी धोका, आणि गाडी घ्यायची असेल तेवढ्यापुरती मोकळीक.

बत्तीचीही तीच कथा. त्या काळी 'या'ची बत्ती पांढरी असे. आता तांबडी काच फुटली तर? मागच्या दिव्याचा उघडा उजेड ड्रायव्हरला 'या' म्हणणार. म्हणून पुढे पांढऱ्याला रजा दिली आणि हिरवा आणला. आम्ही ज्या हिरव्या काचा पुसायचो त्या हातात घेतल्या की निळसर दिसायच्या. रॉकेलची ज्योत पिवळी, तिच्यापुढे निळसर काच धरली की लांबून स्वच्छ हिरवं दिसतं. कोणीतरी ज्योतीसमोर काचा धरून बसला असेल तेव्हा कुठे हे जमलं असेल. मला अशा माणसांबद्दल फार आदर वाटतो.

तर आता दगड. स्कॉटलंडच्या पश्चिमेला ओबन नावाचं बंदर आहे. तिथवर रेल्वे पोचली 1880 साली. वाटेत ब्रँडरची खिंड लागते. एका अंगाला बेन क्रूअखन हा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली पाणी, आणि मधल्या उतारावर कशीबशी एक लाईन. साधारण वर्षभराने, ऑगस्ट 1881 मध्ये, वरून आलेल्या शिळेने गाडीला तडाखा दिला. कंपनीचे सचिव होते जॉन अँडरसन. इंजिनियर नव्हे, सचिव, चिठ्ठ्याचपाट्या सांभाळणारा माणूस. त्यांनी काय केलं? लाईनच्या वरच्या बाजूला उतारावर खांब रोवून एकावर एक आडव्या तारांचं कुंपण घातलं, आणि त्या तारा खालच्या सिग्नलांना जोडल्या. तारांत ताण आहे तोवर हात झुकलेला. दगड गडगडत आला, तार तोडून गेला, ताण गेला, की त्या टप्प्याच्या दोन्ही बाजूंचे हात आडवे. 1882 च्या सुरुवातीला पहिला भाग चालू झाला, मग पुढे वाढवला.

यातली खुबी बघा. तिथे केबिन नाही, लिव्हर ओढायला माणूस नाही. दगड स्वतः तार तोडतो आणि स्वतःच वर्दी देतो. रात्री बारा वाजता, पावसात, कोणीही जागं नसताना. तिथले इतर सिग्नल स्टेशन सांभाळतात, हे फक्त दगडांसाठी, म्हणून त्यांचं नावच 'दगडांचे सिग्नल'. वारा सुटला की त्या तारा गुणगुणतात, म्हणून लोकांनी नाव ठेवलं 'अँडरसनचा पियानो'. एकोणिसाव्या शतकातली ही व्यवस्था एकविसाव्या शतकातही कामावर राहिली. मला कोणी विचारलं, जगातलं कुठलं यंत्र बघायचं राहिलंय, तर मी आयफेल टॉवर सांगणार नाही, हे कुंपण सांगेन.

आणि आता मला आपल्याकडची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. महू तहसिलीत एका गावाला जाताना नाल्यावर रपटा आहे, म्हणजे पुरात पाण्याखाली जाणारा बुटका पूल. गावाचं नाव घेत नाही, खात्याचंही घेत नाही. तिथे पूर येतो तो तासाभरात येतो आणि तासाभरात उतरतो. वर डोंगरात पाऊस, खाली ऊन, आणि नाला तांबडालाल. तर तिथे एक तांबडा दिवा लावला. पाण्यात तरंगणारा डबा, पाणी चढलं की डबा उचलला जाणार, बटण दाबलं जाणार, दिवा लागणार. उद्घाटन झालं, नारळ फुटला. मी बघायला गेलो आणि माझ्या पोटात गोळा आला. मी तिथल्या साहेबांना विचारलं, वीज गेली तर? ते म्हणाले, "काकाजी, बिजली आ जाएगी."

अहो, वीज कधी जाते? पाऊस असतो तेव्हाच ना! ज्या संध्याकाळी तो दिवा लागायला हवा, नेमकी त्याच संध्याकाळी लाईन गेलेली असते. तसंच झालं. श्रावणात एक दूधवाला किटल्या लावून मोटारसायकलवरून आला, दिवा विझलेला बघितला, त्याच्या लेखी रस्ता मोकळा, आणि घातली गाडी. किटल्या गेल्या, गाडी गेली, तो बाभळीला धरून राहिला म्हणून वाचला. मी त्याला दवाखान्यात भेटलो. तो मला एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता, "भिया, लाल बत्ती बंद थी."

मी अर्ज केला. उत्तर आलं, बल्ब बदलला आहे. मी पुन्हा अर्ज केला, बल्बचा प्रश्नच नाही, मुळात मांडणी उलटी आहे. मग सौर पाटी बसवली. चार दिवस आभाळ भरलेलं, बॅटरी उतरली, दिवा पुन्हा गप्प. मी जाऊन आकृती काढून दिली. हिरवा दिवा कायम जळता ठेवा, पाणी चढलं की डब्याने वीज तोडायची. वीज गेली, तार तुटली, बल्ब उडाला, काहीही झालं तरी हिरवा विझणार, आणि हिरवा नाही म्हणजे जायचं नाही. एक तरुण इंजिनियर होता, त्याला ते पटलं, पण त्याने एक शंका काढली आणि ती खरी होती. ड्रायव्हरला शिकवलेलं असतं की विझलेला सिग्नल म्हणजे थांबा. रस्त्यावरचा माणूस म्हणणार, बत्ती खराब आहे, चला. मग मी म्हटलं, दिवाच नको. वजनाचा आडवा दांडा ठेवा, रेल्वे फाटकासारखा. डब्याने तो तोलून धरायचा, आणि डबा हलला, अडकला, वाहून गेला, तरी दांडा खाली आलाच पाहिजे. दिव्याकडे दुर्लक्ष करता येतं, छातीला लागणाऱ्या दांड्याकडे नाही. ती आकृती फायलीत गेली. पुढे तिथे एक पाटी लागली, 'पाणी असताना रपटा ओलांडू नये', आणि पहिल्याच पुरात ती पाटीही बुडाली. याचा मला आजही राग येतो. पैशांचा प्रश्न नव्हता. त्या दिव्याला लागला त्याहून कमी खर्चात हे झालं असतं. घरातल्या प्रेशर कुकरला हे कळतं. पाणी आटलं की त्याच्या झाकणावरची सेफ्टी प्लग वितळते आणि वाफ सोडून देते, ती कुठल्या विजेची वाट बघत नाही. कुकरला कळतं ते खात्याला कळू नये?

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. बरं, आता भराभर.

पाताळपाणी ते कालाकुंड जुनी मीटरगेज हेरिटेज गाडीसाठी आहे, 2018 च्या डिसेंबरपासून. नवी ब्रॉडगेज कमी चढाच्या वेगळ्या वाटेने, बोगद्यांतून जाणार आहे. बोगद्यात दगडाची भीती कमी. भीती असते ती बोगद्यांच्या तोंडाशी आणि कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर उभा कापून लाईन काढलेली असते तिथे. विंध्याचा हा कडा काळ्या पाषाणाचा आहे, थर थर सुटणारा. कोकण रेल्वेने याची किंमत मोजली आहे. 22 जून 2003, वैभववाडीजवळ दरडीवर गाडी गेली, पन्नासहून अधिक माणसं गेली. लगेच पुढच्या वर्षी 16 जूनला मत्स्यगंधा एक्सप्रेसची तीच गत. त्यानंतर पावसाळ्यात गाड्या हळू, वेळापत्रक वेगळं, गस्त वाढवली. 'रक्षा धागा' नावाची व्यवस्थाही त्यांनी काढली, दगड अडवणारी जाळी झुकली की वर्दी देणारी. म्हणजे अँडरसनसाहेबांचीच मुलगी.

माझं म्हणणं असं. नव्या लाईनवर प्रत्येक कटिंगच्या माथ्यावर तार हवी, आणि तिच्यातून कायम वीज वाहती हवी. तार तुटली, वीज गेली, बॅटरी मेली, तर सिग्नल तांबडा. 'दगड पडला तर घंटा वाजेल' असली व्यवस्था कोणी आणली तर ती परत पाठवा.

आक्षेप मला माहीत आहे. आपल्या घाटात वानरं आहेत, गुरं आहेत, सागाच्या फांद्या आहेत. तार रोज तुटणार, गाडी रोज थांबणार, ड्रायव्हर कंटाळून मानेनासा होणार. म्हणून टप्पे लहान ठेवा. स्कॉटलंडमध्येही हात आडवा दिसला म्हणजे ड्रायव्हर रात्रभर ताटकळत नाही, रुळांवर नजर ठेवून सावकाश पुढे जातो. टप्पा लहान असेल तर काही मिनिटांचा खोळंबा, तेवढा सोसायचा.

गस्तवाला काढायचा नाही. हे मी हात जोडून सांगतो. पावसात बत्ती आणि फटाके, म्हणजे चाकाखाली फुटून ड्रायव्हरला सावध करणारे बार, घेऊन चालणारा गँगमन दगड पडायच्या आधी भेग बघतो, तारेला ते जमत नाही. ब्रॉडगेजवर अडथळा दिसला तर त्याने 600 मीटरवर रुळावर एक फटाका बांधायचा आणि 1200 मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. विचार करा, अंधारात, घाटात, धावत! तो एवढं अंतर धावून जाईपर्यंत गाडी आली तर काय, त्यासाठी तार. एकाच्या जागी दुसरा चालणार नाही.

आणि शेवटचं, सगळ्यात दुर्लक्षित. 6 जून 2010 ला त्याच ब्रँडरच्या खिंडीत ओबनची गाडी दगडावर चढून घसरली. डबा भरावाच्या कडेवर लोंबकळला, सुदैवाने कोणी दगावलं नाही. पियानो वाजला नाही, कारण दगड तारेच्या वरून आलाच नव्हता. तो तारेच्या खालच्या उतारातून, लाईनच्या हद्दीतूनच सुटला. झाडांच्या मुळांनी माती सैल केली होती. तेव्हा तार घातली म्हणजे काम संपलं असं नाही. तार आणि रूळ यांच्यामधल्या पट्ट्यातली झाडं दरवर्षी पावसाआधी बघायची, सुटे दगड काढायचे, त्याची वही ठेवायची, आणि ती वही कोण भरणार त्याचं पद आजच, लाईन चालू होण्याआधी, मंजूर करून घ्यायचं. निवेदनाचा मसुदा मी आणला आहे, तो या टेबलावर ठेवतो. नव्या लाईनच्या वाटेवरचे, चोरल-बलवाड्याकडचे कोणी इथे असतील तर त्यांनी सही करण्याआधी मला पाच मिनिटं भेटावं. कुठल्या कटिंगवर झाडं वाकली आहेत ते त्यांच्याकडून मला समासात लिहून घ्यायचं आहे.