अंबाबाई घराबाहेर पडते तेव्हा

[दृश्य : पहाटेचा अंधार. रंकाळ्याचं पाणी. लांबून घंटेचा आवाज.]

अश्विन लागला की कोल्हापूरची हवा पालटते. परतीचा पाऊस दोन-चार सरी टाकून जातो, दुपारी उन्हाचा चटका बसतो आणि पहाटे रंकाळ्याच्या काठावर अंगावर शाल ओढावीशी वाटते. पावसाळ्यानंतर तळं काठोकाठ भरलेलं असतं. संध्यामठ निम्मा पाण्यात बुडालेला. उजाडायला अजून अवकाश असतो आणि शिवाजी पेठेतून, मंगळवार पेठेतून, पार राजारामपुरीतून बायका अंबाबाईच्या देवळाकडे निघालेल्या असतात. हातात परडी नाहीतर पूजेचं ताट. आणि पाय अनवाणी. नवरात्राचे नऊ दिवस पायात काही घालायचं नाही, असा अनेकींचा नेम असतो. ज्या गावची चप्पल सगळीकडे पोहोचली, त्या गावातल्या कितीतरी घरांत या दिवसांत चपलांचे जोड उंबऱ्याआत राहतात.

मुंबईहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरली की सकाळी आपण या गावात उतरतो. पुण्याहून गाडीरस्त्यानं सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. दोन-तीन दिवसांची सुट्टी काढून यावं, असंच हे शहर आहे. फक्त यायचं ते कॅलेंडरवरची तारीख बघून नाही, तिथी बघून. २०२५ साली घटस्थापना २२ सप्टेंबरला होती आणि दसरा २ ऑक्टोबरला. त्याआधीच्या वर्षी घटच ३ ऑक्टोबरला बसले होते. तारीख अशी मागेपुढे होते, तिथी जागची हलत नाही.

मी पहिल्यांदा आलो तेव्हा सगळे करतात तेच केलं. रांगेत उभा राहिलो. पाच तासांनी देवीसमोर आलो, हात जोडेपर्यंत पुढं सरकलो. बाहेर येऊन जेवलो आणि लॉजवर जाऊन असा झोपलो, की त्या रात्रीची पालखी चुकली ती चुकलीच. दुसऱ्या वर्षी महाद्वाराशी वेण्या विकणाऱ्या एका मावशींना मी विचारलं, आज रांग किती आहे? त्यांनी गजरा पुड्यात बांधता बांधता सांगितलं, "रांगंत किती उभारशिला? देवीच भाईर येत्या की! तिच्या मागनं चला."

ते एक वाक्य मी धरून ठेवलं. ही चित्रफीत त्याच वाक्यामागून चालली आहे.

[दृश्य : महाद्वार. काळ्या दगडाचं देऊळ, शिखरं. गर्दी.]

अंबाबाई पश्चिमेला तोंड करून उभी आहे. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीला, मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात जाऊन तिच्या अंगावर चढतात. तो किरणोत्सव. तेव्हा सूर्य तिच्या भेटीला येतो. नवरात्रात मात्र तीच उंबरा ओलांडते.

रोज रात्री साडेनऊच्या सुमाराला पालखी निघते आणि देवळाच्या आवारात प्रदक्षिणा होते. ही पालखी रोज वेगळ्या आकारात सजवलेली असते. एका रात्री मोर, तर दुसऱ्या रात्री आणखी काही. फुलं, विजेचे दिवे, मागे चोपदार, पुढं वाद्यं. पालखी पुढून गेली की बायका आणि पुरुष दोन्ही बाजूंनी फुलं उधळतात आणि आवारभर एकच आवाज घुमतो, अंबा माता की जय! दिवसाची पूजाही रोज निराळी बांधतात. पंचमीला ती हत्तीवरच्या अंबारीत बसलेली दिसते, अष्टमीला महिषासुरमर्दिनी होते. श्रीपूजक मंडळी तासन्‌तास खपून ही पूजा बांधतात आणि दुसऱ्या दिवशी ती उतरवून नवी. रांगेत उभं राहणं होणार नसेल, तर मुखदर्शन आहे, बाहेर पडद्यावरही पूजा दिसते. त्यात कमीपणा मानू नये. गावातले कितीतरी लोक रोज येता-जाता महाद्वारातूनच नमस्कार करून कामाला जातात.

आवारातली ही फेरी झाली घरातल्या घरातली. खऱ्या अर्थानं गावात जाणं तीन वेळा.

पहिलं जाणं ललिता पंचमीचं, आणि ते रुसलेल्या सखीकडे.

[दृश्य : टेंबलाईची टेकडी. खाली शहर.]

शहराच्या पूर्वेला टेंबलाईची टेकडी आहे. वर त्र्यंबोली देवी. गोष्ट अशी सांगतात : अंबाबाईनं कोल्हासुराला मारलं. त्याचा सूड म्हणून त्याच्या मुलानं, कामाक्षानं, योगदंडाच्या जोरावर अंबाबाईसह सगळ्या देवांची मेंढरं करून टाकली. त्र्यंबोलीनं युक्तीनं तो दंड मिळवला, कामाक्षाला मारलं आणि सगळ्यांना सोडवलं. पुढं विजयाचा सोहळा झाला आणि जिच्यामुळं तो झाला, तिलाच बोलावणं करायचं राहून गेलं. त्र्यंबोली रुसली. शहराकडं पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. चूक लक्षात आल्यावर अंबाबाईनं तिला निरोप धाडला नाही, ती स्वतः गेली. कोल्हासुराला कसं मारलं, हे त्र्यंबोलीनं पाहिलं नव्हतं. म्हणून तिच्यापुढं कोहळा फोडून दाखवला.

आजही पंचमीला सकाळी अंबाबाईची पालखी देवळातून निघते. सोबत जुन्या राजवाड्यातल्या तुळजाभवानीची आणि छत्रपती घराण्याच्या गुरुमहाराजांची पालखी. शाहू मिल, टाकाळा असे विसावे घेत ती टेकडी चढते. वाटेत लोक घरापुढं रांगोळ्या काढून उभे असतात. लहान मुलांना पालखीखालून काढायची घाई, पाणी वाटणारी तरुण पोरं, अंगणात खुर्ची टाकून सकाळपासून बसलेली आजी. या रस्त्यावरून देवीबरोबर चालावं. गाडीनं पुढं जाऊन टेकडीवर जागा धरण्यात मजा नाही.

वर दोघी समोरासमोर येतात. मग एका कुमारिकेची पूजा होते आणि तिच्या हातून त्रिशूळानं कोहळा फुटतो. तो क्षण डोळ्यांनी पकडणं अवघड. आधी सगळं शांत. लहानशी मुलगी, नवं परकर-पोलकं, कपाळावर मळवट, हातात तिच्या उंचीला न शोभणारा त्रिशूळ. समोर कुंकवानं माखलेला कोहळा. तिनं तो टेकवला की नाही टेकवला, तोच गर्दी तुटून पडते. प्रत्येकाला एक फोड हवी असते. माझ्या शेजारचा माणूस त्या लोटातून बाहेर आला, तेव्हा त्याच्या सदऱ्याची दोन बटणं तुटली होती आणि बंद मुठीत बोटाएवढा तुकडा होता. पांढरा, पाणी सुटलेला, एका कडेला कुंकू. त्यानं तो रुमालात ठेवला आणि रुमाल खिशात न ठेवता घरापर्यंत हातातच नेला.

मला ही गोष्ट फार जवळची वाटते. देवादिकांच्या कथांत शाप असतात, वरदानं असतात. इथं बोलावणं राहून गेल्याची चुटपुट आहे आणि दर वर्षी चालत जाऊन समजूत काढणं आहे.

दुपारी शहर जरा निवांत असतं. तेवढ्यात न्यू पॅलेसचं संग्रहालय पाहून घ्यावं, किंवा केएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या बसनं गावातल्या नवदुर्गांचं दर्शन करावं. शिवाजी पेठेतली फिरंगाई त्यांतलीच. संध्याकाळी मात्र पाय गंगावेशीकडे वळवावेत. तिथं दूधकट्टा आहे. रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या आणि गिऱ्हाईक समोर आलं की धार काढायची. चरवीत धार पडते तो आवाज आधी पत्र्यावर पडल्यासारखा खणखणीत, मग चरवी भरत जाईल तसा जाड होत जातो. पेल्यात वरचा दोन बोटं फेस. दूध अंगाच्या ऊबेचं. नवरात्राचे उपास असलेली माणसंही इथं उभी असतात, तालमीतून आलेली पोरंही. फेस ओठाला लागतो तो पुसायची कुणाला घाई नसते.

[दृश्य : रात्र. गुजरी, भाऊसिंगजी रोड. रस्ताभर रांगोळ्या.]

दुसरं जाणं अष्टमीच्या रात्री. या रात्री देवी नगरप्रदक्षिणेला निघते. आपल्या गावात सगळं ठीक आहे ना, हे बघायला घरधनीण फिरून येते, तसं.

संध्याकाळपासूनच गुजरीत रस्त्यावर पाणी मारून रांगोळ्या सुरू होतात. सराफी दुकानांच्या ओळीत, मधल्या चिंचोळ्या रस्त्यावर, पोरी मांडी घालून बसलेल्या असतात. तळव्यात रंग, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून रेघ सुटते. दोन-दोन तास चाललेलं काम. थोड्या वेळात देवीचं वाहन आणि हजारो पावलं यावरूनच जाणार, हे त्यांना ठाऊक असतं. त्यासाठीच तर काढायची.

महाद्वारातून वाहन बाहेर पडतं, गुजरीतून भाऊसिंगजी रोडला येतं आणि तिथून भवानी मंडपात. जुन्या राजवाड्याच्या या चौकात तुळजाभवानी आहे. अंबाबाई तिच्या दाराशी थांबते, आरती होते. फटाक्यांचा उजेड कमानीवर पडतो. तिथून गुरुमहाराजांचा वाडा, मिरजकर तिकटी, बिनखांबी गणेश आणि परत महाद्वार. सगळी वाट पायी तासाभरात होईल एवढी, पण त्या रात्री तिला हवा तेवढा वेळ लागतो.

भवानी मंडपापासून जवळच खासबाग आहे, तिथं मी दर वेळी थोडा थांबतो. शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले, तेव्हा रोममधलं जुनं प्रेक्षागार पाहून आले आणि इथं कुस्तीचं मैदान बांधलं. १९१२ साली ते पुरं झालं. त्याला लागून नाटकाचं थिएटर, १९१५ साली उघडलेलं पॅलेस थिएटर. पुढं त्याला गायक-नट संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. कुस्ती आणि नाटक एकमेकांना पाठ लावून उभी, असा विचार करणारा राजा या गावाला मिळाला. गवयांसाठी १८८३ पासून देवल क्लब होताच. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात आणलं आणि जयपूर-अत्रौली गायकी या मातीत रुजली.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह जळालं. केशवरावांच्या जयंतीचा आदला दिवस होता. लोक रस्त्यावर उभे राहून रडले. म्हातारे नट, पडदे ओढणारे, तिकीटखिडकीवरचे, तिथं शाळेच्या गॅदरिंगला एकदाच स्टेजवर गेलेले सुद्धा. नाट्यगृह पुन्हा उभं करायचंच, ही मागणी दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. अष्टमीच्या रात्री गर्दीतून बाजूला होऊन त्या भिंतींपुढं दोन मिनिटं उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं. या शहराचा देव्हारा फक्त देवळापुरता नाही.

[दृश्य : दसरा चौक. मावळती. शाहू महाराजांचा पुतळा.]

तिसरं जाणं विजयादशमीला. आणि हा दिवस देवीच्या परत येण्याचाही. आक्रमणांच्या काळात मूर्ती लपवून ठेवावी लागली होती. १७१५ साली विजयादशमीला ती पुन्हा मंदिरात बसवली गेली.

दुपारपासून दसरा चौक भरत जातो. मधोमध लकडकोट उभा केलेला, त्यात शमी आणि आपट्याच्या फांद्या. एका अंगाला अंबाबाई, तुळजाभवानी आणि गुरुमहाराज यांच्या पालख्या येऊन थांबतात. मानकरी पटके बांधून आलेले असतात. मग जुन्या राजवाड्याकडून लवाजमा येतो आणि राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक गाडी चौकात शिरते, तेव्हा मुलं बापाच्या खांद्यावर चढतात. छत्रपती घराण्याच्या हातून शमीपूजन होतं. आरती होते, बंदुकीच्या फैरी झडतात. त्यानंतर लकडकोट कुठं होता हे शोधावं लागतं. एवढी माणसं सोनं लुटायला धावतात.

या चौकात उभं राहून सभोवार बघावं. मध्ये शाहू महाराज. ज्यांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या. कडेला त्यांच्याच काळात सुरू झालेली विद्यार्थी वसतिगृहं, त्यांत जैन बोर्डिंग आणि १९०६ साली स्थापन झालेलं मुस्लिम बोर्डिंगही. खेड्यातलं पोर शिकायला आलं तर त्याला राहायला जागा हवी, म्हणून त्यांनी जातीजातींची बोर्डिंगं उभी करून दिली. सीमोल्लंघनाला याहून योग्य चौक कुठं मिळणार, असा विचार माझ्या मनात दर वर्षी येतो.

पालखी परतीला लागते ती सिद्धार्थनगरावरून, पंचगंगेच्या घाटावर. दारादारांत पणत्या. नदीला अजून पावसाळ्याचं पाणी असतं, गढूळपणा मात्र बसत आलेला. घाटावरून वर येऊन ती गंगावेशीकडे वळते. मी थोडा पुढं येऊन दूधकट्ट्यावर थांबलो होतो. खिशात आपट्याची पानं, निम्मी चुरगळलेली. म्हशीखाली बसलेल्या दादांनी लांबून वाद्यं ऐकली आणि धार थांबवली. चरवी बाजूला सरकवली. उठून धोतराला हात पुसले, पण बोटं ओलीच राहिली. तशाच ओल्या हातांनी त्यांनी नमस्कार केला. पालखी पुढून गेली, फुलांच्या दोन पाकळ्या म्हशीच्या पाठीवर पडल्या.

मग ते खाली बसले आणि माझा पेला भरायला घेतला.