सातासमुद्रापारचा हुकूम

(दृश्य: नानूस, सत्तरी. पावसाळ्यानंतरची सकाळ. ओली झाडी, पायवाट.)

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं, वाळपईजवळचं हे नानूस. किल्ला बघायला म्हणून आलात तर हिरमोड होईल. तट-बुरूज असं फारसं काही उरलेलं नाही. २६ जानेवारीला मात्र माणसं इथे हार घेऊन येतात, कारण १८५२ साली याच तारखेला सत्तरीच्या दिपाजी राण्यांनी पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, हातून हा किल्ला घेतला होता.

आपली गोष्ट त्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी सुरू होते. १८९५ चा सप्टेंबर. दक्षिण मोझांबिकात गुंगुन्याना नावाच्या राजाशी पोर्तुगालचं वाजलं होतं. तिकडे माणसं हवी होती. गोव्याच्या पलटणीतल्या मराठा शिपायांना हुकूम सुटला, बोटीत चढा.

शिपाई चढले नाहीत. बंदुका घेऊन ते सत्तरीच्या रानाकडे वळले. सत्तरीच्या राण्यांपैकी दादा राणे त्यांना मिळाले. प्रकरण इतकं हाताबाहेर गेलं की ते निस्तरायला पोर्तुगालच्या राजाचा सख्खा भाऊ फौजेनिशी गोव्यात उतरला.

ऐकताना बरं वाटतं. पण गुंगुन्यानाच्या रयतेचा कळवळा येऊन हे बंड झालं, असं मानायला काही आधार नाही. मागे बायकापोरांनी खायचं काय? समुद्र ओलांडला तर परत आल्यावर जातीत घेतील का? प्रश्न हे होते. पोटाचे आणि पंगतीचे. तरीही एवढं खरं, की रानात शिरलेल्या त्या बंदुका मोझांबिकातल्या कुठल्या झोपडीवर रोखल्या गेल्या नाहीत.

(दृश्य: पत्रादेवी. महामार्गावरून जाणारे ट्रक. रस्त्यालगतचं हुतात्मा स्मारक.)

पत्रादेवी. पलीकडे बांदा, अलीकडे पेडणे. इथून गाडी सुसाट जाते, स्मारकापाशी थांबणारे थोडे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी इथे सत्याग्रही आले ते रिकाम्या हातांनी. पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. पंजाबातून आलेला कर्नैलसिंग बेनिपाल इथेच पडला. गोव्याच्या वेगवेगळ्या सीमांवर त्या एका दिवसात वीसहून जास्त माणसं मेली.

लिस्बनचं यावर उत्तर तयार होतं. गोवा ही वसाहत नाहीच, तो पोर्तुगालचा प्रांत आहे. १९५१ मध्ये त्यांनी राज्यघटनेत तसा शब्दच बदलून घेतला होता. म्हणजे आलेले लोक घुसखोर, आणि गोळीबार हा घरातला बंदोबस्त. अंगोला, गिनी, मोझांबिक इथेही १९६१ पासून तेरा वर्षं हेच चाललं. हजारो कोसांवर फौजा लढत होत्या, आणि सरकारच्या लेखी ते परक्या देशातलं युद्ध नव्हतंच. युद्धच नाही म्हटल्यावर युद्धात मेलेले नागरिक तरी कुठून येणार?

(दृश्य: पणजी. मांडवीचा काठ, संध्याकाळ.)

१९६१ चा डिसेंबर. भारतीय फौजा सीमेवर आलेल्या. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा याला पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा संदेश आला. त्याचा मतलब असा, की किमान आठ दिवस लढा, तह नाही, कैदी होणं नाही. आमचे सैनिक एक तर जिंकलेले असतील, नाही तर मेलेले.

आठ दिवस. पणजी, म्हापसा, मडगाव यांच्या गल्ल्यांतून आठ दिवस लढाई म्हणजे काय, याचा हिशेब लिस्बनमध्ये बसून करता येत नाही. किंवा येतो, पण तो कुणी करत नाही. इथे असलेल्या माणसाने तो केला. पूल उडवले गेले, चकमकी झाल्या, दोन्हीकडची मिळून पन्नासच्या आसपास माणसं मेली. पण १९ डिसेंबरच्या रात्री वासालो इ सिल्व्हाने शरणागती पत्करली. आठ दिवसांचे दोन दिवस झाले.

त्याच्या सरकारने त्याला सैन्यातून काढून टाकलं. सालाझारची राजवट कोसळल्यावर, १९७४ मध्ये, त्याला त्याचा हुद्दा परत मिळाला. १९८० मध्ये तो गोव्यात आला, तेव्हा लोकांनी त्याचं आपुलकीने स्वागत केलं. जेत्यांनी हरलेल्या गव्हर्नराला हार घालावा, असं क्वचित घडतं.

आता त्याच फौजेची दुसरी बाजू.

(दृश्य: काळा पडदा. मग मोझांबिकचा नकाशा, तेते प्रांत.)

१६ डिसेंबर १९७२. मोझांबिकच्या तेते प्रांतातलं विरियामू आणि शेजारच्या वाड्या. आधी विमानांतून बॉम्ब, मग हेलिकॉप्टरमधून उतरलेले पोर्तुगीज कमांडो. बंडखोर मिळाले नाहीत. गाव मिळालं. बाया, म्हातारे, पोरं. गोळ्या घातल्या, झोपड्यांत कोंडून आग लावली. पुढे संशोधकांनी एकेक नाव जमवत नेलं, तेव्हा आकडा ३८५ वर गेला.

ही नावं कळली ती त्या भागातल्या मिशनरी पाद्र्यांमुळे. वाचलेल्या माणसांना विचारून त्यांनी याद्या केल्या, आणि कागद गुपचूप देशाबाहेर काढले. १० जुलै १९७३ रोजी लंडनच्या 'द टाइम्स'ने बातमी छापली. आठवड्याभरात पोर्तुगालचे पंतप्रधान कायतानो लंडनला जायचे होते. इंग्लंड-पोर्तुगाल दोस्तीला सहाशे वर्षं झाली म्हणून सोहळा होता. लिस्बनचा खुलासा काय आला? विरियामू नावाचं गावच नाही.

माणसं मारली गेली नाहीत, असं म्हणायला पुरावा द्यावा लागतो. गाव नकाशावर नाही म्हटलं की काम सोपं.

(दृश्य: मडगाव. आबे फारिया रस्त्यावरचं जुनं घर, बाल्कांव म्हणजे पुढची ओसरी.)

मडगावातलं हे घर कोश्ता कुटुंबाचं. ओर्लांदु द कोश्ता यांचा जन्म मोझांबिकचा, बालपण याच मडगावात. पुढे ते लिस्बनला गेले, सालाझारच्या विरोधात उभे राहिले, तुरुंगात गेले. त्यांचा मुलगा आंतोनियो कोश्ता पोर्तुगालचा पंतप्रधान झाला. २०१७ च्या जानेवारीत तो या घरी आला, तेव्हा रस्त्यावर उभं राहायला जागा नव्हती.

सप्टेंबर २०२२ मध्ये मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोला जाऊन याच माणसाने सांगितलं, की विरियामूत जे घडलं ते अक्षम्य होतं, आमच्या इतिहासाला त्याने बट्टा लावला.

आपल्याकडे 'आपला मडगावकर' म्हणून त्याचे फोटो छापले जातात. मापुतोतल्या या शब्दांना मात्र तेवढी जागा मिळाली नाही. ती मिळायला हवी होती, असं मला वाटतं. आणि तरी मनात येतंच, की पन्नास वर्षं लागली. ज्यांनी खोटं सांगितलं ते सगळे सुखाने गेले, मगच खरं बोलणं परवडलं.

(दृश्य: नरकासुर. पहाटेचा अंधार, फटाके, जळणारा कागद आणि बांबू.)

इथवर पाखल्यांची गोष्ट सांगणं सोपं होतं. ते परके होते.

२१ ऑक्टोबर १९८७. नरक चतुर्दशी. पहाटे गोव्यात वाड्यावाड्यांवर नरकासुर जळाले, चावदिसाचे फोव, म्हणजे पोहे, खाऊन झाले. तमिळ माणसाची दिवाळीही त्याच दिवशी. श्रीलंकेत गेलेली आपली शांतिसेना तेव्हा जाफना शहर ताब्यात घेत होती. त्या दुपारी जवान जाफन्याच्या मोठ्या सरकारी इस्पितळात शिरले. दुसऱ्या दिवसापर्यंत तिथे डॉक्टर, नर्सेस, कर्मचारी आणि खाटांवरचे रुग्ण धरून साठच्या वर माणसं मेली होती. एक डॉक्टर हात वर करून, आम्ही इथले कर्मचारी आहोत असं सांगत पुढे आले. त्यांनाही गोळी लागली.

तमिळ वाघांनी, म्हणजे एलटीटीईच्या बंडखोरांनी, इस्पितळातून गोळीबार केला, त्या चकमकीत हे झालं, असं आपल्या बाजूने सांगितलं गेलं. आतून वाचलेल्यांनी वेगळं सांगितलं. शिक्षा कुणालाच झाली नाही.

त्या मोहिमेत आपलेही हजाराहून अधिक जवान गेले. त्यांच्या घरच्यांचं दुःख इस्पितळाच्या या गोष्टीने कमी होत नाही. पण त्या दुःखाच्या आड इस्पितळ लपवताही येत नाही.

(दृश्य: राखेचा ढीग. कुणीतरी खराट्याने रस्ता झाडतंय.)

जाफन्याच्या त्या इस्पितळात दर वर्षी २१ ऑक्टोबरला कर्मचारी जमतात. भिंतीवर गेलेल्या सहकाऱ्यांचे फोटो आहेत. त्यांना हार घालतात, दिवा लावतात, आणि पुन्हा आपापल्या वॉर्डांत ड्यूटीवर जातात.